उतरून ढकलायची सायकल

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून आष्टीला आला तो मोटारीच्या टपावर एक सायकल बांधून. ती खाली उतरवली तेव्हा गल्लीतली पोरे जमली आणि पोरांच्या मागोमाग त्यांचे बापही. सायकल मोठी देखणी होती, पण तिच्या अंगावर काहीच नव्हते. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही, चेनकव्हर नाही. समोरच्या किराणा दुकानदाराने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि शेवटी विचारलेच, "बाकीची मागून येतीय का?" पुतण्याने किंमत सांगितली तेव्हा दुकानदाराने हात जोडले. तेवढ्यात त्याच्या दुकानातला जुना फ्रीज बदलून झाला असता.

हवा भरायला म्हणून आम्ही ती सायकल मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री माझ्याच वयाचा. माझी पहिली सायकल त्याच्या वडिलांच्या हाताखालून गेलेली. त्याने सवयीने मागचे चाक उचलून फिरवले, तर चाकाबरोबर पायडलही गरागरा फिरू लागले. त्याने चष्मा वर केला. "गुरुजी, हिचं फ्रीव्हील जाम झालंय. ठेवून जा, डिझेलमध्ये धुऊन संध्याकाळपर्यंत मोकळं करून देतो."

पुतण्या हसला. "काका, ते जाम नाही, तसंच असतं. याला फिक्स गिअर म्हणतात. शहरात हौशी लोक मुद्दाम अशीच घेतात."

मिस्त्रीने चाक हळूच खाली ठेवले. "जाम फ्रीव्हीलचे एवढे पैसे येतात हे आधी माहीत असतं," तो म्हणाला, "तर आजवर इतकी मोकळी केलीच नसती."

या विनोदावर आम्ही तिघेही हसलो. पण त्या सायकलीने पुढचे चार दिवस आमच्या घरात जो वाद लावून दिला, तो काही नुसता हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगितले पाहिजे. आपल्या नेहमीच्या सायकलीच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असते. त्याच्या पोटात एक दातेरी कडे आणि स्प्रिंगवर उचललेल्या इवल्याशा खिट्ट्या असतात. पायडल पुढे मारले की खिट्टी दातात अडकते आणि चाक ओढले जाते. पाय थांबवले की खिट्टी दातांवरून टिकटिक करीत घसरते आणि चाक आपल्या मस्तीत पळत राहते. उतारावर पाय स्थिर ठेवून, वारा अंगावर घेत, ती टिकटिक ऐकत जाण्यात जे सुख आहे ते या खिट्ट्यांचे देणे आहे. फिक्स गिअरच्या सायकलीला हे फ्रीव्हीलच नसते. मागचे दातेरी चक्र चाकाला घट्ट बसवलेले. चाक फिरते आहे तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरते आहे तोवर पाय फिरणार. पाय थांबवायचे म्हणजे चाक थांबवायचे. अशी सायकल मागेसुद्धा चालवता येते. सर्कशीतला विदूषक रिंगणात उलटा जातो, तो याच युक्तीवर.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. पुढे एकच चक्र, मागे एकच चक्र. बदलायला गिअर नाही. जगात सायकलीची सुरुवात अशीच झाली. पुढे मोठे आणि मागे छोटे चाक असलेल्या जुन्या सायकलींचे पायडल थेट पुढच्या चाकालाच बसवलेले असे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी सारख्या आकाराच्या चाकांची, चेनने मागचे चाक फिरवणारी 'रोव्हर' सायकल काढली. आजच्या सायकलीची ती आजी. पण तिलाही फ्रीव्हील नव्हते. ते सर्रास झाले एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. म्हणजे १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा त्या दुकानातून विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या सायकली मिस्त्रीच्या भाषेत 'जाम'च असणार! किर्लोस्करांचा पुढचा सारा कारखानदारीचा पसारा ज्या दुकानातून वाढला ते दुकान सायकलींचे होते, आणि त्या सायकलींना एकच गिअर होता, याची मला उगाचच मौज वाटते.

गिअर आले तरी लोकांनी ते लगेच स्वीकारले असे नाही. फ्रान्सची ती प्रसिद्ध शर्यत, टूर द फ्रान्स, १९०३ साली सुरू झाली. त्या शर्यतीत चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला परवानगी मिळाली ती १९३७ साली. तोवर त्या गड्यांनी आल्प्सचे घाट बिनगिअरच्या सायकलींवर चढले. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना वेगवेगळ्या दातांची चक्रे असत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, चाक काढायचे, उलटे करून बसवायचे आणि पुढे निघायचे.

पुतण्याचे म्हणणे असे की या एका गिअरमध्ये एक निर्मळपणा आहे. कोणता गिअर टाकू, कोणता काढू, याचा विचार नाही. बिघडायला काही नाही. वजनाला हलकी. चेन सरळ रेषेत धावते, त्यामुळे कुरकुर नाही आणि ओढलेली ताकद वाया जात नाही. "आणि फिक्स असेल ना काका, तर रस्ता पायांना कळतो. चढ किती, वारा किती, चाक कुठं घसरायला लागलंय, सगळं पायातून वर येतं." हे तो इतक्या तळमळीने सांगत होता की मला त्याचा हेवा वाटला. ज्याला आपल्या वाहनाविषयी असे बोलता येते, तो माणूस वाहनाचा नुसता मालक नसतो.

जिथे ही सायकल शोभते अशी एक जागा मात्र आहे, आणि ती म्हणजे शर्यतीची बंदिस्त धावपट्टी. पुण्याजवळ बालेवाडीला तशी धावपट्टी आहे. तिथे फिक्स गिअर हा नियमच असतो आणि ब्रेक नसतात, तेही नियमानेच. सगळे एकाच दिशेने जाणारे, कुणी अचानक थांबणार नाही, म्हणून ब्रेक नसणे हीच तिथली सुरक्षितता. २०१८ साली स्वित्झर्लंडमधल्या एगल येथे ज्युनिअर जागतिक स्पर्धेत एसो अल्बेन या अंदमानच्या मुलाने रौप्यपदक मिळवले ते अशाच एका गिअरच्या, बिनब्रेकच्या सायकलीवर.

पण आष्टीचा रस्ता म्हणजे बालेवाडी नव्हे. इथे समोरून उसाची ट्रॉली येते, बाजूने शेळ्या येतात आणि मागून मोटारसायकलवर तिघे जण येतात. पाडव्याच्या सकाळी पुतण्या एकटाच सायकल घेऊन गावाबाहेरच्या उताराला लागला. अर्ध्या उतारात चाकाचा वेग पायांच्या वेगापुढे गेला. पाय पायडलवरून निसटले, आणि सुटलेली पायडले नडग्यांवर बडवू लागली. पुतण्या समजूतदार, त्याने रस्त्यावर पडण्यापेक्षा बांधाच्या बाभळीत जाणे पसंत केले. घरी आला तेव्हा रस्ता केवळ पायांनाच नव्हे, कोपरांनाही कळलेला होता. काटे काढता काढता त्याची आजी एकच वाक्य म्हणाली, "एवढे पैसे दिलेस, त्यात ब्रेक बसत नव्हता का रे?" त्यावर माझे मत आजीच्या मतापेक्षा वेगळे नाही. धावपट्टीबाहेर बिनब्रेकची सायकल चालवणे यात ना साधेपणा आहे ना शौर्य. स्वतःच्या हौशीची जोखीम रस्त्यावरच्या पोराबाळांवर टाकणे आहे. फिक्स गिअर हवा असेल तर खुशाल घ्यावा, पण ब्रेक लावूनच.

इथवर आमच्यात मतभेद नव्हता. वाद झाला तो दुसऱ्या सायकलीवरून.

भाऊबीजेला मी आक्काकडे गेलो. आक्का माझी थोरली बहीण. आष्टीपासून चारेक किलोमीटरवर तिची वस्ती आहे. तिची नात यंदा आठवीत गेली आणि शाळेसाठी रोज आष्टीला येते. कधी कुणाच्या मोटारसायकलवर, कधी दुधाच्या टेम्पोत, कधी पायी. पोरीने माझ्याकडे सायकल मागितली. "आबा, गिअरची घ्या. माझ्या मैत्रिणीकडं एकवीस गिअरची आहे."

झाले! एका शिक्षकाला याहून मोठे निमंत्रण काय हवे? मी तिला आणि सोबत असलेल्या पुतण्याला बसवून साध्या सायकलीवर व्याख्यानच दिले. माझी पहिली सायकल कशी बावीस इंची, काळी, दांडीच्या ब्रेकची आणि वीस किलोंच्या आसपास वजनाची होती. तिच्यावर मी चार वर्षे शाळेत कसा गेलो. हाफ पायडल कसे शिकलो. दांडीखालच्या त्रिकोणातून पाय पलीकडे घालून, अंग एका बाजूला टाकून सायकल चालवण्याची ती कसरत आजच्या पोरांना ठाऊकच नाही. त्या काळी गावात सात-सात दिवस न उतरता सायकल चालवणारे कसे येत. चावडीपुढच्या मैदानात गोल गोल फिरत, सायकलवरच अंघोळ करीत, सायकलवरच जेवत, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांना पाहायला सारा गाव कसा जमे. त्यांच्या सायकलींना कुठे होते गिअर?

मी आणखीही सांगितले. १९५१ साली सोनिपतमध्ये ॲटलास कंपनी सुरू झाली आणि १९५६ साली लुधियान्यात हीरोची सायकल तयार होऊ लागली. या देशातले दूधवाले, पोस्टमन, शिक्षक, गवंडी यांना त्या बिनगिअरच्या सायकलींनीच कामाला नेले. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला बंद पडला. तो नेमका जागतिक सायकल दिवस होता! मला त्या दिवशी घरातले कुणी गेल्यासारखे वाटले होते. म्हणून पोरी, म्हटले, साधी सायकल घे. पंक्चर झाली तर कोणत्याही फाट्यावर दुरुस्त होते. गिअर बिघडला तर त्याचा माणूस नगरहून आणावा लागेल.

पुतण्या माना डोलावत होता. पोरीचा चेहरा उतरला होता. आक्का चुलीपाशी बसून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "भाऊ, सायकल तुझ्या वाट्याला आली म्हणून तुला तिचा चढ आठवतो. मला चढ बी नाही आला अन् उतार बी नाही."

मला पुढे काही बोलता येईना.

वाचकहो, गोष्ट साधी आहे आणि आमच्या भागात ती घरोघर घडलेली आहे. आमच्या वाडीत शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा आष्टीला, सहा किलोमीटरवर. आक्का माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी आणि गणितात माझ्यापेक्षा चार वर्षांनी पुढे. १९७१ साली ती सातवी झाली आणि घरी बसली, कारण सहा किलोमीटर पोरीने एकटीने चालत जायचे नव्हते. पुढच्या वर्षी मी सातवी झालो, तेव्हा वडिलांनी एक जुनी सायकल घेतली. ते वर्ष १९७२, दुष्काळाचे. आई आणि आक्का रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. मी त्याच रस्त्याने सायकलवरून शाळेत जाई. एका संध्याकाळी खळ्यावर आक्काने माझ्याकडून सायकल घेतली आणि मी धरलेल्या कॅरिअरच्या आधाराने हाफ पायडलवर चार फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला वडील आले. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त सायकल तिच्या हातातून घेऊन माझ्या हातात दिली. आणि मी ती घेतली. "तिलाही डबलसीट नेतो," एवढे वाक्य मला तेव्हा सुचले असते तर कदाचित काही वेगळे झाले असते, कदाचित नसतेही. पण मला ते सुचले नाही, ही गोष्ट खरी आहे.

घरी परतताना मी पहिल्यांदाच प्रामाणिकपणे विचार करू लागलो, की त्या सायकलीची मला नेमकी काय आठवण आहे? आठवणीवर चढलेली शाई पुसून काढली तर खाली काय उरते?

खाली उरतो तो घाम. आष्टी बालाघाटाच्या माळावर आहे. इथे रस्ता सपाट आहे असे मोटारीतून वाटते, सायकलवरून वाटत नाही. ओढा आला की उतार, ओढा ओलांडला की चढ. थोडा हिशेब मांडतो. आपल्या मोठ्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दात धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. २८ इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. म्हणजे एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर तासाला वीसेक किलोमीटरचा वेग. सपाट रस्त्याला, मोठ्या माणसाला, मोकळ्या सायकलीला हा हिशेब उत्तम आहे. पण चढ आला, की प्रत्येक फेऱ्याला तेच साडेपाच मीटर ओढावे लागतात. गिअरची सायकल तिथे म्हणते, बाबा रे, तीनच मीटर ओढ, दोन फेरे जास्त मार. बिनगिअरची सायकल असली सवलत देत नाही. मग गडी सीटवरून उठतो, पायडलवर उभा राहतो, रस्ताभर नागमोडी फिरतो आणि शेवटी उतरतो. उतरून ढकलणे हाच आमचा दुसरा गिअर होता.

चढ तरी दिसतो, वारा दिसतही नाही. जूनच्या तोंडावर माळावर जो पश्चिमेचा वारा सुटतो, त्यात नगरच्या दिशेने सायकल मारणे म्हणजे अदृश्य माणसाशी कुस्ती. ज्या वाऱ्याला आम्ही शिव्या घातल्या, त्यावर आता बालाघाटाच्या माथ्यांवर पवनचक्क्या फिरतात. आणि ओझे? दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅना अडकवून रोज जाणारे आमच्या वाडीचे दूधवाले मला आठवतात. पावसात लोखंडी रिम ओली झाली की त्यांचे दांडीचे ब्रेक लागत नसत. उतारावर ते पाय जमिनीला घासत जात. त्यांच्यापैकी एकानेही मला कधी सांगितले नाही, की एका गिअरमध्ये निर्मळपणा आहे. ज्याला जेव्हा जमले, त्याने तेव्हा मोपेड घेतली आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला लावली ती कायमची. माझ्या वडिलांचे गुडघे साठीतच गेले. तो दोष सगळा सायकलीचा म्हणता येणार नाही, पण त्यांनी सायकलीवर प्रेम केल्याचेही मला आठवत नाही. ती त्यांच्याजवळ होती, कारण दुसरे काही नव्हते.

पुतण्याच्या सायकलीत आणि दूधवाल्याच्या सायकलीत दातांचा फारसा फरक नाही. फरक आहे तो निवडीचा. पुतण्याकडे मोटार आहे, मोटारसायकल आहे, आणि रविवारी सकाळी मुद्दाम कठीण वाट धरण्याची उसंत आहे. त्याचा साधेपणा त्याने निवडला आहे. त्यात गैर काहीच नाही; उपवासही श्रावणात गोड लागतो. मात्र ज्याच्या घरात डबा रिकामा आहे त्याला उपवासाचे माहात्म्य सांगू नये. मी भाऊबीजेला नेमके तेच करीत होतो.

तर मग एकवीस गिअरची सायकल घ्यावी का? इथे मात्र मी मिस्त्रीकडे गेलो, कारण व्याख्यान देऊन पोट भरले होते आणि आता ऐकण्याची पाळी होती. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, भारीतली गिअरची घ्याल तर गोष्ट वेगळी. पण स्वस्तातल्या एकवीस गिअरच्या सायकली माझ्याकडं ढिगानं येतात. सहा महिन्यांत तार सैल होते, चेन अधल्यामधल्या चक्रावर अडकते, गिअर बदलायची पट्टी वाकते. मग पोरं एकाच गिअरवर बांधून घेतात. पैसे एकवीसचे आणि चालते एकावर." बारीक चेन लवकर झिजते, तिचे सुटे भाग इथे मिळत नाहीत, आणि आमच्या रस्त्यांची धूळ त्या नाजूक यंत्राला मानवत नाही. म्हणजे माझे व्याख्यान सगळेच चुकीचे नव्हते. बिनगिअरच्या सायकलीचा खरा मोठेपणा हाच, की ती गावात दुरुस्त होते. दुरुस्तीअभावी बंद पडलेली सायकल म्हणजे पोरीची बंद पडलेली शाळा.

ही अतिशयोक्ती नव्हे. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. साध्याच, बिनगिअरच्या सायकली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. त्यांना आढळले, की योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण त्या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. ज्या गावांपासून शाळा लांब होती, तिथे परिणाम अधिक दिसला. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळत आल्या आहेत. तेव्हा साध्या सायकलीचा महिमा गायचा असेल, तर माझ्या बालपणापेक्षा या मुलींच्या हजेरीपटावरून गावा.

मग प्रश्न उरला आमच्या पोरीच्या चढाचा. आक्काच्या वस्तीवरून आष्टीकडे येताना ओढ्यानंतर एक चांगला चढ आहे. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले आणि पन्नास वर्षांत मला कुणी न सांगितलेली गोष्ट सांगितली. "गुरुजी, एकच गिअर आहे हे खरं. पण तो कोणता असावा, हे तर आपल्या हातात आहे ना? मागचं अठरा दातांचं फ्रीव्हील काढा, बावीसचं टाका."

पुन्हा हिशेब मांडला. पुढे ४४, मागे २२. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे बरोबर दोन फेरे. साडेपाच मीटरांऐवजी साडेचारच ओढायचे. आणि मुलींच्या सायकलीचे चाक लहान असल्यामुळे त्याहूनही कमी. सपाटीवर पाय थोडे जास्त मारावे लागतील, वेग तासाला चारेक किलोमीटरनी उतरेल, शाळेला जायला दोन-तीन मिनिटे जास्त लागतील. पण चढावर उतरावे लागणार नाही. फ्रीव्हीलच्या किमतीत आणि अर्ध्या तासाच्या मजुरीत हे काम होते. आपल्याकडच्या साध्या सायकली मोठ्या माणसाच्या पायाचा आणि सपाट रस्त्याचा हिशेब धरून दात ठरवतात आणि त्याच तेरा वर्षांच्या पोरीच्या हाती देतात. तिला चढ चढवला नाही, की आपण म्हणतो पोरगी नाजूक आहे. दोष दातांचा असतो. जिथे सायकली वाटल्या जातात तिथे गावच्या चढ-उताराचा एवढा तरी विचार व्हावा, असे मला आता फार वाटते. चार दात वाढवायला कोणत्या मंत्र्याची सही लागू नये.

तेव्हा माझे मत मांडून मोकळा होतो. हौशी माणसाने फिक्स गिअर चालवावा, पण ब्रेक लावून आणि दूधवाल्याला त्याचे तत्त्वज्ञान न सांगता. ज्याला रोज घाट चढायचा आहे आणि चांगल्या सायकलीची ऐपत आहे, त्याने गिअरची सायकल घ्यावी. त्यात मर्दपणा कमी होत नाही. आणि ज्यांना रोजच्या कामाला, रोजच्या शाळेला सायकल हवी आहे, त्यांनी साधी घ्यावी, मात्र ती आपल्या रस्त्याला आणि आपल्या पायांना बेतून घ्यावी. साधेपणा याचा अर्थ मिळेल ते सोसणे असा नव्हे.

आता आष्टीला रेल्वेही आली आहे. २०२२ च्या सप्टेंबरात न्यू आष्टी ते नगर, आजचे अहिल्यानगर, पहिली गाडी धावली. २०२५ च्या सप्टेंबरात बीडही जोडले गेले. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट डोळ्यांनी पाहिली. पण वस्तीवरून शाळेपर्यंतच्या चार किलोमीटरांना कुठली रेल्वे येणार? तिथे सायकलच.

पाडवा-भाऊबीज सरल्यावर आठ दिवसांनी मी आणि मिस्त्री ती सायकल टेम्पोत घालून आक्काच्या वस्तीवर गेलो. निळ्या रंगाची, कॅरिअरची, घंटीची, दोन्ही ब्रेक घट्ट, मागे बावीस दात. पोरीने गिअर नाहीत म्हणून आधी नाक मुरडले. मी काही बोललो नाही. म्हटले, ओढ्याच्या चढावर नेऊन बघ. ती गेली. अर्ध्या चढावर ती सीटवरून उठली, हँडल थोडे डगमगले; मला वाटले, उतरणार. ती उतरली नाही. वर पोहोचल्यावर तिने घंटी वाजवली, ती आम्हाला खालपर्यंत ऐकू आली.

आक्का माझ्या शेजारी पदर सावरत उभी होती. परत आलेल्या नातीच्या हातून तिने सायकल घेतली, सीटवर हात ठेवला, पायडल एकदा उलटे फिरवून पाहिले. फ्रीव्हील टिकटिकले. मी पुढे झालो आणि कॅरिअर धरले.

"आता कशाला," ती म्हणाली. पण तिने सायकल लगेच सोडली नाही.